वाचकांचे प्रश्न: बोर्ड नाशकात, लाटा घाटाखाली

नाशिकच्या सर्फरचा बोर्ड वर्षातले मोजकेच दिवस पाण्यात असतो. बाकीचा काळ तो गच्चीवरच्या खोलीत, पार्किंगमध्ये, गाडीच्या टपावर नाहीतर पलंगाखाली काढतो. समुद्रकाठी राहणाऱ्यांसाठी लिहिलेले सल्ले त्यामुळे आपल्याला निम्मेच लागू पडतात. इथले बहुतेक बोर्ड मोडतात ते लाटेने नाही, ऊन आणि आत मुरलेल्या पाण्याने. या वेळच्या पत्रांतही तेच दिसलं. प्रश्न थोडे आटोपशीर करून घेतले आहेत.

प्रश्न: आमचा सात फूट दोन इंची इपॉक्सी बोर्ड आहे. कोकणातून परत आलो की बाथरूममध्ये साबण लावून घासूनपुसून धुतो. तरीही फिनचे (बोर्डाच्या तळाला बसवलेल्या पात्यांचे) स्क्रू गंजलेत, आणि एक तर काही केल्या निघत नाही. काय चुकतंय? (गंगापूर रोड)

उत्तर: तुमच्या धुण्यात खोट नाही, उशीर होतोय एवढंच. मीठ बोर्डाच्या रेझिनच्या कवचाचं किंवा आतल्या फोमचं फारसं वाकडं करत नाही. ते खातं धातू: फिनचे बारीक ग्रब स्क्रू, लीशचा (बोर्ड घोट्याला बांधायच्या दोरीचा) फिरता सांधा, बॅगची चेन. किनाऱ्यावरून निघून घाट चढून घरी पोचेपर्यंत सहा-सात तास खारं पाणी त्या स्क्रूच्या खाचेत बसून राहतं. बॅग बंद, आत दमट आणि गरम. गंजायला एवढं पुरतं.

म्हणून पहिलं धुणं किनाऱ्यावरच उरका. त्याला नळ लागत नाही. गोड्या पाण्याच्या दोन लिटरच्या दोन बाटल्या गाडीत ठेवल्या की एका बोर्डाचं भागतं. पाणी सगळ्या बोर्डावर शिंपडत बसू नका. आधी फिनच्या खाचा, मग लीश अडकवायचा खड्डा, मग लीशचा सांधा, आणि उरलं तर बाकीचा बोर्ड. त्याच रात्री फिन काढून ठेवा.

घरी आल्यावर दुसरं धुणं. अर्धी बादली साधं किंवा अगदी कोमट पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब, आणि मऊ कापड. आधी नुसतं पाणी ओतून रेती खाली जाऊ द्या, मगच कापड फिरवा. रेती अंगावर असताना पुसलं तर ते पॉलिश पेपर मारल्यासारखंच होतं. भांड्यांची हिरवी घासणी तर बोर्डाजवळ आणूच नका. फिनच्या खाचांत जुना टूथब्रश चालवा. मग बोर्ड सावलीत उभा करून पूर्ण वाळवा. रात्रभर पंख्याखाली ठेवला तर उत्तम. तो बॅगेत जाईल तो त्यानंतरच, आणि बॅगही आतून वाळलेली हवी.

आता अडकलेला स्क्रू. बहुतेक फिनना ३/३२ इंची एलन की लागते. म्हणजे जवळपास २.४ मिलिमीटर. हार्डवेअरच्या दुकानातल्या मिलिमीटरच्या सेटमधली २.५ आत जात नाही आणि २ ची आत फिरते. बहुतेक स्क्रूंची डोकी या दोनच्या चावीने गुळगुळीत होतात. तेव्हा आधी योग्य चावी मिळवा. टाचणीने खाचेतली रेती उकरून काढा. डब्ल्यूडी-४० सारख्या तेलाचा एकच थेंब सोडा आणि अर्धा तास थांबा. मग चावी दाबून धरून आधी केसभर आवळा आणि नंतर सैल करा. थेट सैल करायला गेलात तर चावी घसरते. डोकं आधीच गुळगुळीत झालं असेल, तर किंचित मोठा टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचा) बिट हलक्या हाताने ठोकून बसवायचा आणि फिरवायचा. त्याने बहुधा सुटतो. ज्योत किंवा हीट गन लावू नका, फिन बसते तो डबा प्लास्टिकचा असतो. काम झाल्यावर तेल नीट पुसा.

नवे स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे घ्या. बसवताना आट्यांवर जरासं व्हॅसलीन लावा, आणि चावी दोन बोटांत धरून फिरेल तेवढंच आवळा. मूठ वळून आवळलं की डब्याच्या कडेला बारीक चीर पडते, आणि पाणी आत शिरायला तेवढी वाट पुरते.

प्रश्न: पाय घसरू नये म्हणून बोर्डावर लावलेलं जुनं वॅक्स काळं पडलंय. काढायला एकाने पेट्रोल सांगितलं, दुसऱ्याने इस्त्री. (कॉलेज रोड)

उत्तर: दोन्ही नको. पेट्रोल आणि थिनर वरचा थर मवाळ करतात आणि ग्राफिक्स उडवतात. एखाद्या चिरेतून आत गेले तर इपॉक्सी बोर्डातला पांढरा फोम अक्षरशः विरघळवतात. इस्त्रीचं तापमान शंभर अंशांच्या बरंच वर असतं. तेवढ्या उष्णतेत तो फोम आकसून बसतो.

नाशकात उन्हाची कमी नाही. एप्रिलमध्ये सकाळी दहाच्या आत बोर्ड वॅक्सची बाजू वर करून उन्हात धरा, पाच ते सात मिनिटं. थंडीत पंधरा मिनिटं लागतील. वॅक्स चमकायला लागलं की लगेच सावलीत आणा आणि वॅक्सच्या कंगव्याच्या सरळ कडेने शेपटीकडून टोकाकडे लांब पट्टे ओढत खरवडा. कंगवा नसेल तर जुनं एटीएम कार्ड चालतं. लोखंडी पट्टी किंवा सुरी नाही. खरवडलेला गोळा टाकून द्या. त्यात रेती असते, त्यामुळे पुन्हा वापरता येत नाही.

खाली पातळ चिकट थर राहतो. त्यावर मूठभर गव्हाचा कोंडा किंवा जाड कणीक पसरून सुती कापडाने गोल गोल चोळा. वॅक्स पिठात गोळा होऊन सुटतं. उरलेल्यासाठी दोन चमचे खोबरेल कापसावर घेऊन पुसा. डिसेंबर-जानेवारीत खोबरेल थिजलेलं असतं, तेव्हा बाटली गरम पाण्यात बुडवून घ्या. शेवटी साबणाचं पाणी लावायला विसरू नका. तेलाचा अंश राहिला तर नवीन वॅक्स बसत नाही, आणि पहिल्याच लाटेवर पाय घसरल्यावर ते कळतं.

नवीन वॅक्स चढवताना खाली घट्ट बेस, त्यावर ट्रॉपिकल, म्हणजे गरम पाण्यासाठीचं. आपल्या किनाऱ्याचं पाणी गरम, तिथे थंड पाण्याची वडी लोण्यासारखी वितळून वाहते. बेस जोर देऊन आडवा-उभा घासत राहा, बारीक गाठी उठेपर्यंत. वरचा थर हलक्या हाताने, फक्त गाठींच्या माथ्यावर. छाती टेकते तिथपासून मागच्या पायापर्यंत लावलं की पुरे. बोर्डाच्या खालच्या बाजूला कधीच नाही. आणि वॅक्सची वडी गाडीच्या कप्प्यात विसरू नका, मे महिन्यात ती सीटमध्ये मुरते.

प्रश्न: बोर्डाच्या वरच्या अंगाला एक छोटा स्क्रू आहे, त्याला काहीच जोडलेलं नाही. मित्र म्हणतो कसारा घाट चढताना तो उघडायचा असतो. खरं का? (देवळाली कॅम्प)

उत्तर: मित्र बरोबर सांगतोय, कारण मात्र अर्धंच. तो हवेचा व्हेंट आहे. इपॉक्सी बोर्डात पांढरा ईपीएस फोम, म्हणजे थर्माकोल असतो, आणि त्याच्या दाण्यांच्या मधे हवा असते. बोर्ड बाहेरून पूर्ण बंद, त्यामुळे ही हवा फुगली की बाहेर पडायला जागा नसते.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. इथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण सात टक्के कमी. म्हणजे किनाऱ्यावर व्हेंट घट्ट बंद करून बोर्ड वर आणला, तर आतल्या हवेचा बाहेर ढकलायचा जोर दर चौरस फुटाला सुमारे ६५ किलो होतो. ऐकायला भीती वाटते, पण चांगल्या बोर्डाचं कवच एवढं सहन करतं. खरी गंमत उन्हाची. बोर्ड २५ अंशांवरून ६० वर गेला की आतली हवा अकरा-बारा टक्के फुगू पाहते. म्हणजे घाटापेक्षा जास्त. बंद गाडी मे महिन्यात उन्हात उभी असेल तर हे साठ अंश सहज गाठले जातात. घाट आणि ऊन एकदम आलं की कवच फोमपासून सुटायला लागतं.

तेव्हा नियम असा: प्रवासात आणि घरी व्हेंट एक-दोन आटे सैल, पाण्यात उतरण्याआधी बंद. स्क्रूखालची रबरी ओ-रिंग दर सहलीआधी बघा. चपटी झाली किंवा चिरली असेल तर बदला.

आणखी एक, जे सहसा कोणी सांगत नाही. टपावर तापलेला बोर्ड उतरवून तसाच पाण्यात नेऊ नका. थंड पाण्यात आतली हवा एकदम आकसते, आत ओढ तयार होते, आणि सुईच्या टोकाएवढ्या चिरेतूनसुद्धा पाणी आत खेचलं जातं. व्हेंट उघडा ठेवून सावलीत पंधरा-वीस मिनिटं निवू द्या, मग बंद करून पाण्यात न्या. काही बोर्डांचा व्हेंट आपोआप काम करतो. त्यात हवा जाते पण पाणी जात नाही, असा पडदा असतो. त्याला हात लावायची गरज नाही. पिवळसर पीयू (पॉलियुरेथेन) फोमच्या बोर्डाला व्हेंट नसतो आणि लागतही नाही.

प्रश्न: मे महिनाभर बोर्ड गच्चीवर ताडपत्रीखाली होता. आता मधोमध तळहाताएवढा भाग दाबला की टकटक वाजतो, बाकी बोर्ड ठणठणीत आहे. भोक पाडून हवा काढू का? (सिडको)

उत्तर: नुसती हवा काढून उपयोग नाही, कवच पुन्हा चिकटवावं लागेल. ताडपत्रीने ऊन अडलं, पण खाली हवा कोंडली. काळी किंवा निळी ताडपत्री उघड्या उन्हापेक्षा वाईट ठरू शकते.

एवढा फुगवटा घरी दुरुस्त होतो. पेन्सिलने त्याची कड आखा: नाण्याने ठोकत जा, आवाज बदलतो तिथे खूण. मग आखलेल्या भागाच्या दोन टोकांना ३ मिलिमीटरची दोन भोकं पाडा, फक्त कवच भेदेल एवढीच. एका भोकातून सिरिंजने हळू चालणारं, पातळ इपॉक्सी सोडा. दुसऱ्यातून ते बाहेर डोकावलं की आत पसरलं असं समजा. तळहाताएवढ्या जागेला १० ते १५ मिलिलिटर लागतं. वर प्लास्टिकचा कागद, त्यावर रेतीची दोन-तीन किलोची पिशवी, आणि चोवीस तास हात लावायचा नाही. वजन फार ठेवलंत तर तिथे खळगा पडेल. पॉलिएस्टर रेझिन इथे चालणार नाही, ते ईपीएस खातं.

सुटलेला भाग हातभर लांब असेल, किंवा दाबल्यावर आत पाणी बुळबुळल्यासारखं वाटत असेल, तर भानगडीत पडू नका. वरचं कवच कापून नवीन चढवावं लागतं आणि ते सरावाचं काम आहे.

प्रश्न: बोर्डाचं टोक सोसायटीच्या गेटला आपटून फुटलं, अंगठा जाईल एवढं. सातपूरला फायबरच्या दुकानातून अर्धा किलो रेझिन, हार्डनर आणि मॅट आणलीय. त्यानेच भरू का? (पंचवटी)

उत्तर: थांबा. आधी बोर्ड कशाचा आहे ते बघा. दुकानातून मिळतं ते बहुधा पॉलिएस्टर रेझिन, पाण्याच्या टाक्यांना आणि पत्र्यांना लागतं ते. त्यातलं स्टायरीन ईपीएस फोम वितळवतं. खड्डा भरायला ओतलं आणि सकाळी दुप्पट मोठा पोकळ खड्डा मिळाला, असं घडतं ते यामुळे.

फुटलेल्या जागी डोकावा. साबुदाण्यासारखे गोल दाणे दिसले तर ईपीएस. दाणे न दिसता बारीक, कोरडा, पिवळट भुगा असेल तर पीयू. खात्री करायची तर फोमचा हरभऱ्याएवढा तुकडा काढून स्टीलच्या वाटीत ठेवा आणि त्यावर नेलपॉलिश रिमूव्हरचे दोन थेंब टाका. बाटलीवर ॲसिटोन लिहिलेलं हवं. तुकडा विरघळला तर ईपीएस. जुना बोर्ड असेल तर पीयूची शक्यता जास्त. कॅलिफोर्नियातली क्लार्क फोम ही कंपनी ५ डिसेंबर २००५ रोजी अचानक बंद झाली. तोवर अमेरिकेतल्या बहुतेक बोर्डांचा पीयू गाभा तिथूनच यायचा. त्या दणक्यानंतर ईपीएस-इपॉक्सीकडे वळणारे पुष्कळ वाढले.

पीयू असेल तर तुमचं पॉलिएस्टर चालेल. ईपीएस असेल तर फक्त इपॉक्सी. इपॉक्सी दोन्हींना चालतं, म्हणून एकच डबा घ्यायचा असेल तर तो घ्या.

दुसरी गोष्ट, घाई. फुटल्यावर बोर्ड पाण्यात गेला असेल तर आत ओल आहे. ओल्या फोमवर केलेली दुरुस्ती महिनाभरात सुटते, आणि कोंडलेलं पाणी आतल्या आत पसरत जातं. फुटकी बाजू खाली करून बोर्ड हवेशीर सावलीत टेकवा. प्रवासी बॅगा तोलायचा हुकचा काटा घेऊन रोज त्याच वेळी वजन करा. सलग तीन दिवस आकडा हलला नाही की वाळला. नाशकात मार्चमधल्या कोरड्या हवेत चार-पाच दिवस पुरतात. श्रावणात दोन आठवडेही लागतील, तेव्हा पावसाळ्यात नुसतं टेपने झाकून ठेवणं शहाणपणाचं.

वाळल्यावर सैल, लोंबणारे तुकडे ब्लेडने कापून काढा. खड्ड्याभोवती इंचभर पट्टा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चमक घालवा. चमक राहिली तिथे रेझिन धरत नाही. धुळीला मास्क लावा. काचेचा भुगा अंगाला खाजतो, छातीत गेला तर आणखी वाईट. पलीकडे मास्किंग टेपचं कुंपण करा.

भरण्यासाठी रेझिनमध्ये मायक्रोबलून नावाची पांढरी, पिठासारखी हलकी पूड मिसळायची, चमच्यातून ओघळणार नाही इतकं घट्ट होईपर्यंत. नुसतं रेझिन ओतलंत तर ते जड होतं आणि साकळून तापतं. अंगठाभर खड्ड्याला २० ग्रॅम पुष्कळ झालं.

प्रमाण मात्र नीट पाळा. पॉलिएस्टरला हार्डनर वजनाच्या एक ते दोन टक्के. ३५ अंशांच्या दुपारी एक टक्का, थंडीत दोन. २० ग्रॅमला एक टक्का म्हणजे ०.२ मिलिलिटर, ते इन्सुलिनच्या सिरिंजने मोजा, थेंब मोजत बसू नका. एक टक्क्याच्या खाली गेलात तर ते कधीच पुरतं कडक होत नाही. इपॉक्सीचं गणित वेगळं: डब्यावर दोनास एक लिहिलं असेल तर दोनास एकच. हार्डनर जास्त घातला की लवकर सुकेल ही समजूत पॉलिएस्टरवरून आलेली आहे. इपॉक्सीत जास्तीचा हार्डनर तसाच उरतो आणि काम कायमचं चिकट राहतं. दोन मिनिटं कडा-तळ खरवडत ढवळा आणि लगेच पसरट ताटलीत ओता. कपात ठेवलं तर उन्हाळ्यात ते धूर सोडेपर्यंत तापतं.

दुकानदाराने तिसरी जांभळी बाटली दिली असेल तर ते कोबाल्ट. ते आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं, नंतर हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतू नका, पेट घेतं, स्फोटही होऊ शकतो. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेततं. लगेच वाहत्या पाण्याखाली डोळा धरून पंधरा मिनिटं धुवायचा आणि तडक दवाखाना गाठायचा.

भराव कडक झाल्यावर तो आजूबाजूच्या पातळीपेक्षा किंचित खाली जाईल इतका घासा. वर कापड बसायचंय ना. तुम्ही आणलेली मॅट जाड आणि विस्कटलेल्या धाग्यांची, ती टाक्यांसाठी ठीक. बोर्डाला विणलेलं कापड लागतं, चार औंसाचं, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १३५ ग्रॅम. दोन तुकडे कापा: एक खड्ड्याच्या बाहेर अर्धा इंच जाईल असा, दुसरा एक इंच. लहान आधी, मोठा वर. रेझिनने भिजल्यावर कापड पारदर्शक होतं. पांढरे ठिपके राहिले म्हणजे आत हवा आहे, ब्रशच्या टोकाने टोचून काढा. जास्तीचं रेझिन प्लास्टिकच्या पट्टीने ओढून घ्या.

यानंतर वरचा थर. पॉलिएस्टर वापरत असाल तर इथे मेण मिसळलेलं रेझिन लागतं, त्याला सँडिंग रेझिन म्हणतात. साधं लॅमिनेटिंग रेझिन हवेच्या संपर्कात वरून चिकटच राहतं, आणि घासायला गेलं की पॉलिश पेपरच बुजतो. इपॉक्सीला दमट दिवसांत वर तुपकट पापुद्रा येतो, तो पाण्याने धुवून पुसल्यावरच घासा. मग १२०, २२०, ३२० आणि शेवटी ४०० नंबर, शेवटचे दोन पाणी लावून. कापडाचे धागे उघडे पडू लागले तर थांबा, आणखी एक पातळ हात द्या. इपॉक्सी चोवीस तासांत हाताळता येतं, पण पूर्ण ताकदीला साधारण आठवडा लागतो. तोवर समुद्र नको.

सहलीतच फुटलं तर? जागा गोड्या पाण्याने धुवा, कोरडी करा, आणि एम-सील मळून दाबा. ते इपॉक्सीच असतं, फोमला इजा करत नाही. जड असतं आणि नंतर घासायला त्रास देतं, पण पाणी अडवतं. फेविक्विकसारखे झटपट गोंद ईपीएसवर लावू नका, फोम वितळतो.

प्रश्न: मऊ फोमचा शिकाऊ बोर्ड आहे. त्याला हे सगळं करावं लागतं का? (इंदिरानगर)

उत्तर: नाही. धुवा, वाळवा, सावलीत ठेवा, झालं. दोनच पथ्यं. वॅक्स काढायला उन्हात ठेवू नका. वरची मऊ चादर उष्णतेने सुटते आणि ती पुन्हा धड बसत नाही. आणि चिरेत चपलांना लावतात तो कॉन्टॅक्ट गोंद भरू नका. त्यातलं द्रावण आतला फोम खातं. दोन नळ्यांचं सावकाश सुकणारं ॲराल्डाइट समप्रमाणात मिसळून चीर बुजवा. पाच मिनिटांत सुकणारं पाण्यात तितकं टिकत नाही.

प्रश्न: हवेचा पॅडल बोर्ड गंगापूर धरणावर नेतो. सकाळी १५ पीएसआय भरतो, तासाभराने मऊ वाटतो. भोक दिसत नाही. (मखमलाबाद)

उत्तर: दहातले आठ वेळा हा व्हॉल्व्ह असतो. बोर्ड पूर्ण फुगवून व्हॉल्व्हवर आणि सगळ्या कडांवर साबणाचा फेस ब्रशने लावा. व्हॉल्व्हच्या मधून बुडबुडे आले तर पडद्याखाली रेती अडकली आहे: हवा सोडा, पडदा दाबून धरून ओल्या कापसाने पुसा. व्हॉल्व्हच्या कडेने आले तर बोर्डासोबत येणाऱ्या चावीने तो आवळा. बोर्डावर भोक सापडलं तर पीव्हीसीचा गोल तुकडा, भोकाच्या चहूबाजूंनी दोन इंच जाईल असा. पीव्हीसीचा गोंद दोन्हीकडे पातळ लावून दहा मिनिटं सुकू द्या, दुसरा हात द्या, चिकट झाला की बसवून चमच्याच्या पाठीने दाबा. चोवीस तास हवा भरू नका.

धरणाचं सकाळचं पाणी गार असतं. घरी कोमट हवा भरून पाण्यात टाकला तर न गळताही दाब थोडा उतरतो. पाण्यावर पाच मिनिटं ठेवून मग शेवटचे पंप मारा. उलट, पंचवीस अंशांना १५ भरलेला बोर्ड काठावर उन्हात पन्नास अंशांपर्यंत तापला तर काटा साडेसतराच्या आसपास जातो, आणि शिवणी ताणल्या जातात. चहाला थांबणार असाल तर दोन-तीन पीएसआय सोडा किंवा बोर्ड पाण्यातच बांधून ठेवा. गोड्या पाण्यात मिठाची कटकट नाही, पण गाळ आणि शेवाळ असतं. तसाच गुंडाळलात तर आठवड्यात कुबट वास मारतो. उतरण्याआधी परवानगीची चौकशी करा, आणि धरणातून विसर्ग चालू असेल त्या दिवसांत बोर्ड घरीच राहू द्या.

प्रश्न: टपावर बोर्ड नेताना पट्ट्यांचा घूं घूं आवाज येतो. धोका आहे का? (नाशिक रोड)

उत्तर: आवाजाने बोर्डाला काही होत नाही, पट्टीला एक-दोन पीळ द्या, थांबेल. धोका वेगाचा. ८० वरून १२० वर गेलात की वाऱ्याचा जोर सव्वादोन पट होतो, आणि समृद्धीवर काटा कधी तिथे पोचतो ते कळत नाही. बोर्ड टपावर असताना ८०-९० पुरे. बोर्ड उलटा ठेवायचा, वॅक्सची बाजू खाली. फिन काढता येत नसतील तर त्या पुढे, आकाशाकडे. खाली जाड फोमचे गुंडाळे. खटका मारून आवळायच्या ट्रकच्या पट्ट्या नकोत, त्या कडा चिरडतात. साध्या बकलच्या घ्या आणि हाताने ओढून घट्ट करा. पहिल्या दहा किलोमीटरनंतर थांबून एकदा बघा, पट्ट्या बसून सैल होतात.

प्रश्न: लीश किती दिवसांनी बदलायची? (पाथर्डी फाटा)

उत्तर: दिवसांवर नाही, दिसण्यावर. दोरीवर बारीक आडव्या चिरा, कुठे पांढरा पडलेला ताण, घोट्याची पट्टी हाताने सहज सुटणं, यांतलं एक जरी दिसलं तरी बदला. लीश बोर्डाभोवती गुंडाळून ठेवली की तिथे कायमचा पीळ बसतो, सरळ टांगून ठेवा. बोर्डाला बांधायची छोटी दोरी मात्र बघा: ती इतकी आखूड हवी की ताण आल्यावर बोर्डाची कड रुंद पट्टीखाली येईल, दोरीखाली नाही. लांब दोरी जोराच्या लाटेत कड करवतीसारखी कापते.

प्रश्न: गोव्याहून जुना बोर्ड स्वस्तात मिळतोय. काय बघून घेऊ? (अशोका मार्ग)

उत्तर: सगळं वॅक्स काढायला सांगा. मालक नाही म्हणाला तर तिथेच विषय संपवा, फुगवटे आणि चिरा वॅक्सखालीच लपतात. बोटांच्या पेरांनी सगळीकडे ठोका, आवाज एकसारखा हवा. मागून मोबाइलचा दिवा लावून टोक आणि शेपटी बघा, आत पाणी गेलं असेल तर तपकिरी डाग दिसतो. नुसता पिवळेपणा उन्हाचा असतो, त्याला घाबरू नका. फिन दोन्ही बाजूंना हलवा. फिनसोबत डबासुद्धा हलत असेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून बोला. शेवटी काट्यावर टांगा. त्याच मापाच्या चांगल्या बोर्डापेक्षा अर्धा-पाऊण किलो जास्त भरला तर तेवढं पाणी तुम्ही विकत घेताय.

प्रश्न: माळ्यावर ठेवलेल्या बोर्डाची कड उंदराने कुरतडली. (भद्रकाली)

उत्तर: जुन्या वाड्यांतून हा प्रश्न दरवर्षी येतो. खाण्यासाठी नाही, दात घासायला आणि घरट्याला भुगा हवा म्हणून उंदीर मऊ फोम कुरतडतात. वर पीठ-खोबरेलाचा वास राहिला असेल तर आयतं आमंत्रण. म्हणून ठेवणीतला बोर्ड साबणाने धुवूनच वर चढवा. माळ्याऐवजी भिंतीवर दोन ब्रॅकेट ठोका, जमिनीपासून पाच फुटांवर, फोमच्या नळ्या घालून. बोर्डाच्या लांबीचे चार भाग केले तर पहिल्या आणि तिसऱ्या खुणेवर एकेक आधार, मधे बाक येत नाही. भिंत पश्चिमेची नको, ती मे महिन्यात रात्री दहापर्यंत तापलेली असते. कुरतडलेली कड वर पंचवटीच्या वाचकांना सांगितल्याप्रमाणे भरा, फक्त कापडाचा तुकडा कडेवरून दोन्ही अंगांना वळवून घ्या.